जिभेवरचा पापुद्रा

गोदावरीबाई समोरून आल्या की चौलच्या त्या आळीतली निम्मी माणसं नकळत तोंड उघडत. नमस्काराला नव्हे, काही बोलायलाही नव्हे. नुसतं ‘आऽऽ’. मग भानावर येऊन कोणी जांभई आल्याचं सोंग करी, कोणी मिशीवरून हात फिरवी. सहाआसनी रिक्षा चालवणारा जीवन तर दोन पोरांचा बाप झाला, तरी बाई रिक्षात चढल्या की आरशात बघून जीभ बाहेर काढायचा आणि म्हणायचा, ‘‘बाई, गिळली हां!’’

‘‘तुझा भरवसा नाही मला अजून,’’ बाई म्हणायच्या.

भरवसा नसायला कारणही तसंच होतं. बाई बालवाडीत शिकवायला लागल्या तेव्हा बालवाडी म्हणजे देवळाच्या सभामंडपात अंथरलेली दोन जाजमं आणि एक फळा. पोरं पोटाचे नगारे घेऊन यायची. हातपाय काड्या, पोट पुढे, नखांत माती. सुपारीच्या वाडीत पाटाचं पाणी कायम खेळतं, माती सुकत म्हणून नाही, आणि पोरं दिवसभर त्यात अनवाणी. जंत व्हायला आणखी काय लागतं? आया म्हणायच्या, ‘‘गूळ लय खातो, म्हणून झाले.’’ बाई म्हणायच्या, ‘‘गुळाला कशाला बदनाम करतेस? पायांत चपला घाल त्याच्या, जेवायच्या आधी हात धुव.’’ चपलांचं कोणी ऐकत नसे. मग राहायचं ते औषध.

बाईंच्या स्वतःच्या लहानपणी रविवार म्हणजे एरंडेल. वडील दोन्ही हात धरायचे, आत्या नाक दाबायची आणि तोंड उघडलं रे उघडलं की सुंठीच्या चहातून ते तेल आत जायचं. त्यामुळे पुढे आयुष्यभर बाईंना सुंठ म्हणून चालली नाही. दुसऱ्यांच्या घरची आंबरसातली सुंठसुद्धा त्या वासावरून ओळखत आणि वाटी हळूच शेजारणीकडे सरकवत. एरंडेल गेलं, वावडिंगाचं पाणी आलं. वावडिंग मागे पडलं आणि सरकारी गोळ्या आल्या. चावून खायच्या, खडूसारख्या. पोरं त्या घ्यायची, निमूट जाजमाकडे जायची, आणि बाईंना वाटायचं, झालं काम.

मग एकदा देवळामागच्या जास्वंदीखाली त्यांना पांढरं काही दिसलं. काडीने उकरलं तर गोळ्याच गोळ्या. जीवन नावाचं चार वर्षांचं कार्टं गालात गोळी धरून बाहेर जायचं आणि तिथे पेरून यायचं. त्याचं बघून बाकीच्यांनीही पेरणी केली होती. ‘‘मुलांचे जंत राहिले बाजूला, ती जास्वंद मात्र त्या वर्षी काय फुलली म्हणून सांगू!’’ हे बाई पुढे कितीतरी वर्षं सांगत.

त्या दिवसापासून नवा कायदा लागू झाला. गोळी घेतली की बाईंसमोर उभं राहायचं. ‘‘आऽऽ कर. जीभ बाहेर. जीभ वर. हा गाल दाखव, तो गाल दाखव. शाब्बास!’’ हे सगळं एका चालीत, टाळीच्या ठेक्यावर. पोरांना त्याचीही गंमत वाटू लागली. ती चाल बालवाडीतून घरोघर गेली. आया तूपभाताचा घास भरवला तरी म्हणत, ‘‘आऽऽ कर, जीभ बाहेर.’’ देवळात तीर्थ घेतल्यावर पुजाऱ्यापुढे जिभा काढणारी पोरं फक्त त्याच आळीत सापडत. बाई निवृत्त झाल्या, सभामंडपातली बालवाडी जाऊन पक्क्या इमारतीतली अंगणवाडी आली, बाईंचीच विद्यार्थिनी क्रांती तिथे सेविका झाली, पण चाल काही गेली नाही.

अशा त्या गावात बाईंची नात इरा एका सकाळी थंड पेटी घेऊन उतरली. पेटी जीवनच्या रिक्षातून आली होती आणि पेटीवर पाय ठेवला म्हणून तो इराच्या शिव्या खाऊन आला होता.

इरा बाईंच्या मुलाची मुलगी. पनवेलला वाढलेली, औषधं बनवायचं शिकलेली, आणि आता नवी मुंबईत एका प्रयोगशाळेत कामाला. तिने ओटीवर बसून पेटीतलं एक चपटं पाकीट फाडलं आणि आजीच्या तळहातावर काहीतरी ठेवलं. पोस्टाच्या तिकिटाएवढं, पिवळसर, आरपार दिसणारं.

‘‘हे काय गं? आंबापोळीला क्षय झालाय का?’’ बाई म्हणाल्या.

‘‘आजी, खा तर. जिभेवर ठेव आणि तोंड मीट. चावू नको, पाणी नको.’’

बाईंनी ठेवलं. थंड लागलं, मग हापूसची चव आली, मग थोडी आंबट, आणि मग बघतात तर काहीच नाही. जीभ टाळूला लावून त्यांनी दोनदा शोधलं.

‘‘कुठं गेलं?’’

‘‘विरघळलं. लहान मुलांना गोळी गिळता येत नाही, चावता येत नाही, घशात अडकायची भीती. सिरप म्हणजे बाटल्या, चमचे, सांडलवंड. हा पापुद्रा नुसता जिभेवर ठेवायचा, अर्ध्या मिनिटात संपला. जंतांचं औषध यातून द्यायचंय आम्हाला.’’

‘‘यात औषध आहे?’’ बाई जरा दचकल्या.

‘‘नाही गं, यात नुसती चव. औषध भरायचं म्हणजे मोठं कठीण काम. पापुद्रा एवढासा आणि डोस एवढा मोठा, शिवाय कडू. ते आमचं चाललंय. पण त्याआधी हे बघायचं की मुलं पापुद्रा तोंडात ठेवतात तरी का. उद्या आणि परवा क्रांतीताईंच्या अंगणवाडीत. आयांच्या सह्या झाल्यात, डॉक्टर मुलांना तपासून गेलेत. आमचे यशोधन सर स्वतः येणार आहेत.’’

मग इरा पेटीचं झाकण उगीच उघडबंद करत म्हणाली, ‘‘तीन वर्षं मी यावर घालवलीत, आजी. शाळेत दुसरी तुकडी असते तसा आमच्याकडे दुसरा गट आहे, तो सिरपवर काम करतोय. सर म्हणाले, इथल्या मुलांनी पापुद्रा ठेवला तर पुढे जाऊ. थुंकला तर सगळा जोर सिरपवर.’’

‘‘थुंकतील कशाला? आमची पोरं आहेत ती,’’ बाई म्हणाल्या आणि दुसरं पाकीट मागू लागल्या.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडी फुलून गेली. आया नटून आल्या होत्या, पोरांच्या केसांना तेल होतं, भिंतीवर क्रांतीने फुगे लावले होते. यशोधन सर गेटवेहून बोटीने मांडव्याला आणि तिथून गाडीने आले. उंच, वाकलेले, मितभाषी गृहस्थ. मांडीवर घड्याळ काढून ठेवून ते कोपऱ्यातल्या लहान मुलांच्या खुर्चीवर बसले, त्यामुळे त्यांचे गुडघे कानांशी आले. बाईंना मानाने दाराशी बसवलं होतं.

पहिली आली अमिषा. आळीतल्या केसर नावाच्या तरुण सुनेची चार वर्षांची मुलगी, झिपरी, कानांत लाल खडे. केसरने इराने दाखवल्याप्रमाणे पापुद्रा तिच्या जिभेवर नीट ठेवला. अमिषाने तोंड मिटलं. डोळे मोठे झाले. चव आवडली होती, कोणालाही कळावं.

‘‘आऽऽ कर,’’ केसर म्हणाली. ‘‘जीभ बाहेर.’’

अमिषाने जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढली. पापुद्रा घसरला, हनुवटीला चिकटला, तिने तो हाताने पुसला आणि हात फ्रॉकला पुसला.

‘‘ताई, मिनिटभर दाखवायला नका सांगू,’’ इरा हसून म्हणाली. ‘‘तोंड मिटलेलं राहू दे.’’

‘‘व्हय व्हय,’’ केसर म्हणाली.

दुसरा मुलगा आला. त्याची आजी बरोबर होती. ती काहीच म्हणाली नाही, तिने नुसती एक टाळी वाजवली. मुलाने तोंड उघडलं, जीभ बाहेर, जीभ वर, हा गाल, तो गाल. पापुद्रा पंख्याच्या वाऱ्यावर उडाला आणि क्रांतीच्या अंबाड्यावर जाऊन बसला. तिसऱ्या मुलीला कोणी काही सांगायची गरजच पडली नाही. जिभेवर काही ठेवलं की पुढे काय करायचं हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. दुपारपर्यंत पापुद्रे हनुवट्यांना, गालांना, फ्रॉकांना, एक फुग्याला आणि एक यशोधन सरांच्या चष्म्याला चिकटला. मुलं खूश होती. अशी मजा त्यांनी कधी केली नव्हती. ‘‘अजून दे ना!’’ म्हणून ती इराचा कुर्ता ओढत होती.

यशोधन सरांनी चष्मा पुसला. ‘‘चव आवडतेय असं दिसतं,’’ ते म्हणाले. ‘‘पण तोंडात कोणी ठेवतच नाही. मग औषध पोटात जाणार कसं? विचित्र आहे. बाकी गावांत मुलं चावतात, गिळतात. दाखवत कोणी नाही.’’

आया एकमेकींकडे बघू लागल्या. मग सगळ्या मिळून दाराकडे बघू लागल्या.

‘‘माझ्याकडे काय बघताय गं?’’ बाई म्हणाल्या.

‘‘बाई, रागवू नका,’’ केसर म्हणाली. ‘‘माजी सासू तुमच्या हाताखालची, माजा नवरा तुमच्या हाताखालचा. तुमीच तर त्यांना शिकवलाव, आ कर, जीभ काढ. मी लग्न करून आले त्या दिवशी सासूनं पेढा भरवला न् मला बी सांगितलान, जीभ दाखव. आता पोरांचा काय गुना?’’

खिडकीतून जीवनचं डोकं आत आलं. ‘‘खरं सांगायचं तर बाई, चूक माझी. मी जास्वंदीला खत घातलं नसतं तर आज तुमच्या नातीवर ही पाळी आली नसती.’’

सगळे हसले. इराही हसली, पण तिचं हसणं ओठांतच राहिलं, हे बाईंनी पाहिलं.

संध्याकाळी ओटीवर दोघी बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसल्या. इरा एरवी आजीपेक्षा भराभर सोलायची आणि चिडवायची. आज तिच्या हातात एकच वाल बराच वेळ होता.

‘‘सर काय म्हणाले?’’ बाईंनी विचारलं.

‘‘उद्याचा दिवस आहे म्हणाले. उरलेली मुलं बघू. पण सिरपवाल्यांना तयारीत राहायला सांगितलंय.’’

‘‘मी शिकवलं ते चुकीचं नव्हतं,’’ बाई एकदम म्हणाल्या. ‘‘गोळ्या चुकवत होती कार्टी. तोंड उघडून बघितलं म्हणून तर पोटात गेल्या. तेव्हा किती पोरांची पोटं खाली बसली, तुला काय माहीत? तुझ्या त्या जीवनला विचार.’’

‘‘मी कुठे काही म्हणाले, आजी?’’

‘‘न म्हणता म्हणालीस.’’

इराने आजीच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. ‘‘तू काही वाईट केलं नाहीस गं. औषध बदललं, एवढंच.’’

बाईंना ते फार लागलं. कोणी भांडलं असतं तर त्या जिंकल्या असत्या. समजूत काढणाऱ्या माणसापुढे काय करायचं? त्या वाल सोलत राहिल्या आणि मनाशी ठरवून बसल्या की उद्या मीच बघते. उघडायला शिकवलं तीच मिटायला शिकवीन.

सकाळी त्या इस्त्रीचं सुती लुगडं नेसून, बालवाडीत नेत ती वेताची छडी नसली तरी तिच्याच तोऱ्यात अंगणवाडीत शिरल्या. मुलं ओळीने बसलेली, आया मागे उभ्या, सर आपल्या छोट्या खुर्चीवर. इरा पाकिटं फाडायच्या तयारीत.

बाई मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी पूर्वीच्या आवाजात हुकूम सोडला, ‘‘तोंड मिटा!’’

त्या आवाजासरशी समोरच्या सगळ्या आयांची तोंडं उघडली. क्रांतीचंही उघडलं. आयांचं बघून मुलांनी जिभा बाहेर काढल्या, वर केल्या, हा गाल, तो गाल. खिडकीत जीवन आ वासून उभा होता. आणि त्या सगळ्या उघड्या तोंडांकडे बघून यशोधन सरांचंही तोंड जरासं उघडलंच.

‘‘अगं मिटा म्हणते ना!’’ बाई ओरडल्या. तोंडं आणखी मोठी झाली.

त्यांनी ओठांवर बोट ठेवून दाखवलं. मुलांनीही बोट ठेवलं आणि बोट चाखून बघितलं. एका मुलाने शेजारच्याचं चाखलं. शेवटी क्रांती जवळ आली. तिने बाईंचा हात हातात घेतला.

‘‘बाई,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘तुम्ही... जरा बाहेर बसाल का? थोडा वेळच. तुम्ही दिसलात की आमचं आपोआप होतं हो.’’

बाई मागे वळल्या. पदर खांद्यावरून घेतला आणि बाहेर नळाजवळच्या कट्ट्यावर जाऊन बसल्या. ज्या आळीतल्या प्रत्येक पोराला त्यांनी ‘अ’ गिरवायला शिकवला, त्याच आळीत त्यांना वर्गाबाहेर बसवलं होतं. तेही क्रांतीने, जी लहानपणी नाक पुसून घ्यायला रोज त्यांच्या पदरापाशी यायची. समोर वाडीत पोफळी वाऱ्यावर हलत होत्या, दोन बायका डोक्यावर मासळीच्या पाट्या घेऊन रेवदंड्याकडून येत होत्या, आतून इराचा गोड आवाज ऐकू येत होता, ‘‘हळूच ठेवा... नाही नाही, काकू, टाळी नको...’’ आणि मग मुलांचं हसणं. म्हणजे गेला आणखी एक.

बाईंच्या मनात आलं, पोरीची तीन वर्षं. आणि आपण इथे कट्ट्यावर.

आत काय झालं, तर अमिषाची पाळी पुन्हा आली होती. काल तिचा पापुद्रा फ्रॉकला लागला म्हणून इराने तिला आज परत बोलावलं होतं. केसरने पापुद्रा जिभेवर ठेवला आणि नेमका तिचा फोन वाजला. नवरा न्हावा शेव्याला कंटेनरच्या गाडीवर होता, सकाळपासून फोन लागत नव्हता. ‘‘हां, बोला!’’ म्हणत केसर वळली, आणि दाखव म्हणायला कोणी उरलं नाही. अमिषाने इकडेतिकडे बघितलं, कोणी आपल्याकडे बघत नाही म्हटल्यावर ती सरळ उठली आणि दारातून बाहेर आली.

कट्ट्यावर जाड चष्म्याची म्हातारी एकटी बसलेली दिसली. अमिषाला बाई म्हणजे बाई वगैरे काही ठाऊक नव्हतं. ती जवळ गेली आणि तिने पदर ओढला.

बाईंच्या तोंडून सवयीने ‘आ कर’ निघणारच होतं. पण त्या रुसल्या होत्या. आपण बाहेरचे, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून त्यांनी तो शब्द गिळला.

‘‘काय गो? तुलाही बाहेर काढलं?’’

अमिषाने मान हलवली.

‘‘बस मग. आपण दोघी गोष्ट सांगू. पण हुंकारा द्यायला लागेल हो. मी वाक्य बोलले की तू हूं म्हणायचं. हूं म्हटलं नाही तर गोष्ट तिथेच झोपते. मला माझ्या आजीने तसंच सांगितलंय. चालेल?’’

‘‘हूं,’’ अमिषा म्हणाली.

‘‘एक होती चिंबोरी.’’

‘‘हूं.’’

‘‘राहायची दिघीला, खडपात. तिची बहीण राहायची पलीकडे, आगरदांड्याला.’’

‘‘हूं.’’

‘‘बहिणीला झाली पोरं. एक नाही, दोन नाही, टोपलीभर. बारशाचं बोलावणं आलं. आता मधे एवढी मोठी खाडी. चिंबोरी म्हणाली, पोहत गेले तर साडी भिजेल.’’

अमिषाचे डोळे चमकले. ‘‘हूं!’’

‘‘मग ती गेली धक्क्यावर आणि चढली फेरीबोटीत. मोटारी चढल्या, माणसं चढली, मागून वाकडी वाकडी चिंबोरी. तेवढ्यात आला तिकीटवाला. म्हणतो, तिकीट काढा, तिकीट!’’

‘‘हूं?’’

‘‘चिंबोरी म्हणाली, मला पाय आठ आणि नांग्या दोन. एकीचं तिकीट काढू की पाचजणींचं?’’

इतक्यात इरा धावत बाहेर आली, मागे केसर कानाला फोन तसाच धरून. ‘‘आजी, अमिषा इकडे आली का? तिच्या तोंडात पापुद्रा होता गं! कुठे थुंकली बघ ना.’’

‘‘माझ्यासमोर नाही थुंकली,’’ बाई म्हणाल्या.

केसर खाली बसली. ‘‘अमू, कुठं टाकलास गो? सांग.’’

अमिषाने आईकडे तुच्छतेने बघितलं. ‘‘न्हाय टाकला. इरघळला.’’ आणि बाईंकडे वळून, ‘‘मंग? तिकीट कोणी काढलान?’’

इरा आजीकडे बघत राहिली. आजी अमिषाच्या मिटलेल्या ओठांकडे बघत होती. तेवढ्यात अमिषाला गोष्ट झोपेल अशी भीती वाटली आणि तिने न सांगता आणखी एक ‘हूं’ दिला. ओठ घट्ट मिटलेले, आवाज नाकातून.

‘‘इरे,’’ बाई म्हणाल्या, ‘‘तोंड उघडून हूं म्हणून दाखव मला.’’

इराने प्रयत्न केला. जमलं नाही. तिने पुन्हा केला, मग दोन्ही हातांनी आजीचा चेहरा धरला आणि अंगणातच तिचा मुका घेतला.

‘‘पुरे, पुरे, लोक बघतायत,’’ बाई म्हणाल्या, पण त्या उठल्या होत्याच.

आत मुलांना गोल बसवलं. या वेळी बाईंनी हुकूम सोडला नाही. त्या खाली, मुलांच्या मधे, मांडी घालून बसल्या. गुडघा कुरकुरला, त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. इराने आणि क्रांतीने भराभर पापुद्रे जिभांवर ठेवले. बाईंनी सुरुवात केली.

‘‘एक होती चिंबोरी. हूं म्हणा हो. ज्याचा हूं येणार नाही त्याच्यामुळे बोट खाडीत थांबेल.’’

‘‘हूंऽऽ,’’ सगळी मुलं म्हणाली. खोलीत मधमाश्यांचं पोळं घोंगावावं तसा आवाज झाला.

चिंबोरी धक्क्यावर गेली. ‘‘हूंऽऽ.’’ फेरीबोटीत चढली. ‘‘हूंऽऽ.’’ एक मुलगा खिडकीतल्या चिमणीकडे बघत राहिला तर बाईंनी बोट थांबवली. ‘‘अरे देवा, बंद पडली! कोणाचा हूं नाही आला?’’ दोन्ही बाजूंनी त्याला कोपरं बसली आणि त्याने एवढ्या जोरात हूं दिला की बोट पुढे सरकली. एका आजीचे हात सवयीने टाळीसाठी वर आले. खिडकीतून जीवनने दबक्या आवाजात दम दिला, ‘‘ओ काकू, हात खाली! बोट बुडवताय!’’ काकूंनी हात मांडीखाली दाबून धरले आणि त्याही हुंकारा देऊ लागल्या. हळूहळू सगळ्याच आया देऊ लागल्या. आळीतली इतकी माणसं एकाच वेळी बाईंसमोर तोंड मिटून बसलेली कोणी पाहिली नव्हती.

तिकीटवाला चिंबोरीचे पाय मोजू लागला, दरवेळी एक पाय हलायचा आणि त्याची मोजणी चुकायची, इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा यशोधन सरांनी घड्याळ उचललं आणि इराला खूण केली. ती एकेका मुलाजवळ गेली. कोणाच्या हनुवटीवर काही नव्हतं. फ्रॉकांवर काही नव्हतं. जमिनीवर एकच पापुद्रा सापडला, तोही त्या चिमणीवाल्याचा. तिने हसऱ्या, रडक्या, नाराज तोंडांची चित्रं मुलांपुढे धरली आणि कसं लागलं ते विचारलं. बहुतेकांनी हसऱ्या तोंडावर बोट ठेवलं. एकीने रडक्या तोंडावर ठेवलं. का, तर संपला म्हणून.

यशोधन सर उठून बाईंजवळ आले. खुर्ची त्यांच्या कमरेला अडकून थोडी वर आली आणि मग पडली.

‘‘आजी, छानच. पण माझी एक अडचण आहे,’’ ते म्हणाले. ‘‘हे औषध पुढे झालंच, तर देशभर जाईल. प्रत्येक पाकिटात तुम्हाला कसं घालू?’’

‘‘मला कशाला घालता?’’ बाई म्हणाल्या. ‘‘औषध देणारं कोणीतरी मोठं माणूस असतंच ना पोराजवळ. त्याला गोष्ट येत नाही? आणि नसेल येत तर त्या दिवशी रचेल. मी ही आत्ता रचली.’’

‘‘आत्ता?’’

‘‘मग काय! माझ्या सात पिढ्यांत चिंबोरी बोटीत बसली नव्हती.’’

सर हसले. त्यांना हसताना इराने पहिल्यांदाच पाहिलं असावं, कारण ती जरा मागे सरकली. ‘‘आम्ही सूचनापत्रकात लिहिणार होतो, मुलाचे तोंड अर्धा मिनिट बंद ठेवावे,’’ ते म्हणाले. ‘‘आता लिहू, पापुद्रा जिभेवर ठेवा आणि मुलाला गोष्ट सांगा, मुलाने हूं म्हणत राहावे.’’

‘‘म्हणजे सर, पुढे जायचं?’’ इराने विचारलं.

‘‘कडू औषध भरल्यावर काय होतं ते बघायचंच आहे. तेव्हा मुलं आपल्याला शिव्याही देतील. पण हो, पुढे जायचं. सिरपवाल्यांना सांगतो, थांबा म्हणून.’’

इराने तोंडावर हात ठेवला. क्रांती रडायलाच लागली आणि बाईंच्या पायाशी वाकली. ‘‘बाई, मघाशी तुम्हाला बाहेर...’’

‘‘बरं केलंस,’’ बाई म्हणाल्या. ‘‘आत असते तर अजून ओरडत बसले असते. नाक पूस आधी.’’

आया उठू लागल्या. चपला शोधल्या गेल्या, फुगे वाटले गेले. सर पिशवी उचलून दाराशी आले, कारण मांडव्याची परतीची बोट गाठायची होती आणि जीवनने रिक्षा चालू करून ठेवली होती. पण दारात त्यांना जाता येईना. अमिषा दोन्ही हात पसरून उंबऱ्यावर उभी होती आणि तिच्या मागे सगळी पिलावळ.

‘‘कोणी जायाचा न्हाय,’’ ती म्हणाली. ‘‘बोट खाडीत हाय अजून. चिंबोरीला बारशाला जायाचा हाय.’’

‘‘अगो, सरांची खरी बोट सुटेल,’’ केसर लाजून म्हणाली. ‘‘हो बाजूला.’’

‘‘न्हाय!’’

बाईंनी सरांकडे बघितलं. गोष्टीचा शेवट त्यांनाही अजून ठाऊक नव्हता. तिकीटवाल्याने पाय मोजून संपवले तर काय करायचं, याचा त्या मनातल्या मनात विचार करत होत्या. तोवर मुलं पुन्हा गोल बसली होती, जागा धरून, ओठ आधीच मिटून.

‘‘तर मग,’’ बाई म्हणाल्या, ‘‘तिकीटवाला दमला. घाम पुसून म्हणाला, चिंबोरीताई, तुम्ही एक काम करा.’’

यशोधन सरांनी घड्याळ बघितलं, रिक्षाकडे बघितलं. मग पिशवी भिंतीशी ठेवली, मुलांच्या गोलात जेमतेम शिरता येईल एवढी जागा केली, गुडघे गोळा करून खाली बसले आणि म्हणाले, ‘‘हूं.’’